ऐकणारं माणूस

व्हायोलिन कुठलं घेऊ, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. मुलीला क्लासला घालायचंय, स्वतःलाच शिकायचंय, ऑनलाइन मिळतं ते चालेल का. मी कंपनी सांगत नाही, आकार सांगत नाही. घरात ऐकणारं कोण आहे, एवढंच विचारते. समोरचा माणूस गोंधळतो. सहा वर्षांपूर्वी अंबाजोगाईत मीही अशीच गोंधळले होते. मला गोंधळात पाडणारा माणूस पायजमा-बनियनवर ओट्यावर बसून एका शेळीच्या खुरातला काटा काढत होता.

व्हायोलिनचे सर म्हणजे झब्बा, खांद्यावर शाल आणि डोळे अर्धवट मिटलेले, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. त्यामुळे सर कुठे आहेत, हे मी त्यांनाच विचारलं. ते मान वर न करता म्हणाले, "शेळी झाली की येतेत."

उभी हयात त्यांनी गुरांच्या दवाखान्यात काढली होती. माजलगावकडे, उमापूरकडे आणि शेवटची काही वर्षं अंबाजोगाईत. रिटायर होऊनही दारात रोज एखादं जनावर उभं असायचं. बाजारात लोक त्यांना ढोरांचे डॉक्टर म्हणत आणि ते प्रत्येकाला थांबवून सांगत, डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक. खोट्या मोठेपणानं त्यांना अंगावर खाजकुयली पडल्यासारखं व्हायचं. व्हायोलिन ते तरुणपणी शिकले. एप्रिल महिन्यात गावोगाव जयंतीचे कार्यक्रम करणाऱ्या एका गायन पार्टीत ते कोरसमध्ये होते आणि त्या पार्टीत व्हायोलिन वाजवणारा माणूस पेशानं गवंडी होता. दिवसभर थापी चालवणाऱ्या त्या हातानं सरांना शिकवलं. "माह्या वस्तादाच्या बोटाला सिमिटाचा वास यायचा," असं ते सांगत, तेव्हा त्यांचा आवाज खाली यायचा.

क्लास रविवारी सकाळी आठला, त्यांच्या पुढच्या खोलीत. पाटी नाही, जाहिरात नाही. चटईवर आम्ही पाचसहा जण आणि भिंतीला लागून एक निळी प्लास्टिकची खुर्ची. ती खुर्ची सरांची नव्हती, ती ऐकणाऱ्याची.

त्यांची अट अशी होती की नव्या शिकणाऱ्यानं पहिल्या दिवशी घरातलं एक माणूस सोबत आणायचं, ज्याला हा आवाज रोज सोसावा लागणार आहे. त्या माणसाला निळ्या खुर्चीवर बसवायचं, पहिला चहा त्याला द्यायचा आणि मग सर त्याला समजावून सांगायचे. रोज पंधरा मिनिटं वाजवणाऱ्याच्या खोलीत बसायचं. हातात काम घ्यायचं नाही, मोबाईल घ्यायचा नाही. आणि एक वर्ष त्या वाजवण्याबद्दल चांगला किंवा वाईट, एक शब्द बोलायचा नाही. वर्ष झालं की सर स्वतः विचारणार, काय ऐकलं? ते माणूस काय सांगतं त्यावर पुढचं शिकवणं.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. वय तेव्हा बेचाळीस. घरातलं माणूस आणायचं म्हणजे आमचे हे किंवा आत्याबाई. हे कामानिमित्त सोमवारी जायचे ते शनिवारी परतायचे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि आमच्या दोघींमध्ये तेव्हा कुकरच्या शिट्ट्यांवरूनही मतभेद होते. म्हणून मी लबाडी केली. कॉलेजातल्या एका मैत्रिणीला नणंद म्हणून घेऊन गेले. सरांनी तिला चहा दिला आणि सहज विचारलं, तुमच्या घरी पंख्याचं बटण दाराच्या कोणत्या बाजूला आहे? मैत्रीण माझ्या तोंडाकडे बघायला लागली. सरांनी तिला चहा पुरा प्यायला लावला आणि आम्हा दोघींना वाटेला लावलं. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बाई, ज्याच्यापुढं वाजवायची लाज वाटती, त्यालाच आणा."

पुढच्या रविवारी आत्याबाई निळ्या खुर्चीवर होत्या. एक वर्ष बोलायचं नाही हे ऐकून त्यांनी सरांना दोनदा विचारून खात्री केली, की बंदी फक्त बाज्याविषयी आहे ना, बाकीचं बोललेलं चालतं ना. सर म्हणाले, बाकीचं बिनधास्त बोला. तेव्हा त्या तयार झाल्या.

सरांचं शिकवणं गोठ्यातून आलेलं होतं. बो, म्हणजे तारांवर ओढायचा गज, कसा धरायचा? वासराचा कान धरतात तसा. आवळला की ते झटका देतं, सोडला की पळतं. रोज पंधराच मिनिटं का? "गाईचं दूध रविवारी येकदम काढतेत का?" रियाजाला सुट्टी घेऊन पुढच्या दिवशी दोन तास घासणाऱ्या पोरांना हे ऐकावं लागायचं. तारेवर पकड यावी म्हणून बोच्या केसांना राळ लावताना मोजून चार हात, त्याहून जास्त लावली की सर हातातून काढून घेत. वाजवणं झालं की बोचा स्क्रू सैल केलाय की नाही, हे ते घरी फोन करून विचारत. उन्हाळ्यात आमच्याकडच्या कोरड्या हवेनं व्हायोलिनच्या खुंट्या सुटतात, पावसाळ्यात फुगून बसतात. म्हणून वर्गातली पहिली दहा मिनिटं नुसतं सूर लावणं चालायचं आणि तीच मला सगळ्यात आवडायची.

सगळ्यात कठीण होतं ते डाव्या हाताचं. पहिले तीन महिने डावा हात मांडीवर. बोटं तारेला लावायचीच नाहीत. पायावर मान टेकवलेलं व्हायोलिन, भिंतीकडे तोंड आणि मोकळ्या तारेवर बो या टोकापासून त्या टोकापर्यंत. आवाज वाईट आला तर येऊ द्यायचा, पण पुरा येऊ द्यायचा. अर्ध्यात बो उचलला की सर मागून म्हणत, "लाजला बगा." त्यांना चुकीचा राग नव्हता, चूक लपवण्याचा होता. इतक्या वर्षांत माझ्या सगळ्या शिक्षकांनी मिळून मला जे शिकवलं नाही ते मी त्या भिंतीकडे तोंड करून शिकले, हे मी आज कबूल करते.

चौथ्या महिन्यात बोटं लावायची वेळ आली, तेव्हा मी शहाणपणा केला. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात, सूर कुठे आहे ते बोटानं शोधावं लागतं. मी पट्टी घेतली, अंतरं मोजली आणि प्रत्येक सुराच्या जागी एकेक टिकली चिकटवली. लाल टिकल्या, पाकिटातली सगळ्यात बारीक. रविवारी सरांनी व्हायोलिन उचललं, बराच वेळ बघितलं, मग नखानं एकेक टिकली काढून माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर ओळीनं लावली. म्हणाले, कपाळाला लावायच्या त्या कपाळाला लावा, सूर डोळ्यानं बघायचा नसतो. टिकल्या काढल्यावर मी दोन महिने बेसूर वाजवलं. आत्याबाई खुर्चीवर ओठ घट्ट मिटून बसायच्या. त्यांच्या गळ्याची शीर हललेली मला दिसायची, पण बाई शब्दाची पक्की.

मात्र बंदी तोंडाला होती, हाताला नव्हती. एका सोमवारी मी कॉलेजातून आले, बो तारेवर ठेवला आणि काहीच झालं नाही. बो नुसता घसरत होता, आवाज शून्य. नाकाशी नेला तर खोबरेल तेलाचा वास. बोला घोड्याचे केस असतात हे आत्याबाईंना मीच कौतुकानं सांगितलं होतं. ते केस त्यांना रोज कोरडेठाक, पांढरे पडलेले दिसत. त्याबद्दल विचारायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी दुपारी बसून ते नीट विंचरून, चोपडून दिले होते.

मी रडकुंडीला आले. तोच बो घेऊन भर दुपारी सरांकडे गेले आणि आत्याबाईंबद्दल जे मनात होतं ते सगळं बोलून टाकलं. सरांनी बो हुंगला आणि इतके हसले की काकू आतून बाहेर आल्या. काकू म्हणजे त्यांची बायको, अंगणवाडीतून रिटायर झालेली, बुटकी, शांत बाई. सरांनी जनावरांच्या औषधातलं स्पिरिट आणि कापूस काढला आणि केस पुसता पुसता मला म्हणाले, "तुमची सासू त्या बाज्याची काळजी कराया लागली, आन् तुमी रडताय कावून?" केस काही वाचले नाहीत, लातूरहून नवे घालून आणावे लागले. पण त्या दिवशी घरी जाताना मी आत्याबाईंसाठी पेढे नेले. का आणले हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

वर्ष झालं. आत्याबाई धुतलेलं लुगडं नेसून निळ्या खुर्चीवर बसल्या. मी जे येत होतं ते वाजवलं. सरांनी विचारलं, काय ऐकलं? आत्याबाईंनी पदर सारखा केला. "पयले पाच म्हैने वाटलं, ही माझ्यावर सूड उगवतीया. मंग वाटलं, हिला कुठंतरी दुखतंय. आता दुखत न्हाई." सरांनी हात जोडले आणि मला म्हणाले, पास. इतका खरा निकाल मला कुठल्याही परीक्षेत मिळालेला नाही.

त्या आनंदातच मी एक आगाऊ प्रश्न विचारून बसले. तुमचं वर्ष झालं तेव्हा काकू काय म्हणाल्या होत्या?

सर राळ घासत होते, ते घासतच राहिले. मग थोडं थोडं करून सांगितलं. ही अट मुळात काकूंसाठीच निघाली होती. नवीन लग्न, दोन खोल्या आणि सकाळी यांचं वाजवणं. पार्टीतले लोक वाहवा करत, ती त्यांना खरी वाटत नसे. म्हणून बायकोला म्हणाले, वर्षभर काही बोलू नको, वर्षानं मीच विचारीन. वर्ष संपलं तेव्हा बदलीची गडबड होती. नंतर मुलगी झाली. नंतर विचारायचं राहून गेलं, आणि राहिल्यावर जड झालं. मग घरात ते दार लावून वाजवायला लागले.

"मंग भ्या वाटाया लागलं," सर म्हणाले.

मी विचारलं, कसलं भ्या?

"ती खोटं बोलत न्हाई. बंद करा म्हणली असती, तर मला बंद करावं लागलं असतं. मंग मी काय केलं असतं?"

आणि काकूंनी चाळीस वर्षं शब्द पाळला होता. घरात इतर सगळ्या गोष्टींवर त्या बोलत, भांडत, त्यांना गप्पही करत. वाजवण्यावर मात्र एक अक्षर नाही. सरांचं वाजवणं मी ऐकलेलं होतं. ते वाजवत तेव्हा दारातली जनावरंसुद्धा शांत होत, असं मी शपथेवर सांगेन. असा माणूस चाळीस वर्षं एका प्रश्नाला भितो, याची मला गंमत वाटली आणि काकूंच्या बाजूनं विचार केल्यावर रागही आला. पण शिष्याच्या जागी बसलेल्यानं किती बोलावं यालाही मर्यादा असते.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका रविवारी काकूंनी मला चहाचे कप न्यायच्या निमित्तानं आत बोलावलं. दार अर्धं लोटलं. म्हणाल्या, सरांचं डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट अडकतंय, दोन महिने झाले, तुम्ही त्यांना दवाखान्यात जायला सांगा. मी विचारलं, त्यांनी तुम्हाला दाखवलं का? नाही म्हणाल्या. मग कसं कळलं? "त्या बोटाचा सूर येकदा येतो, येकदा मागं राहतो." बाहेर पाच जण शिकत होतो, कुणाला काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा ना. काकू कप विसळत राहिल्या.

"मला बोलायची बंदी हाय."

मी बाहेर येऊन सरांना मूठ मिटायला सांगितलं. मग उघडायला. चार बोटं उघडली, एक वाकलेलं राहिलं. सरांनी दुसऱ्या हातानं ते वर केलं, तेव्हा कट्ट असा आवाज झाला. तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. चोरी पकडली गेल्यासारखे ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. "म्हंजे तिला ऐकू येतं," एवढंच म्हणाले.

बोटाचं लहानसं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, लवकर यायला हवं होतं. बोट सरळ होईल, पण व्हायोलिनवर पहिल्यासारखं धावेल की नाही ते सांगता येत नाही. सहासष्ट वर्षांच्या माणसाला हे सांगितलं की तो काय करील? आम्ही आपसात ठरवूनही टाकलं होतं की आता सर तोंडानं शिकवतील, आणि तेही खूप आहे.

पट्टी निघाल्यानंतरचा पहिला रविवार. आम्ही पोचलो तर सर त्यांच्या जागेवर नव्हते. चटईवर, सहावीतल्या एका नव्या मुलीच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून बसले होते. डावा हात मांडीवर. मग उठले, आत गेले आणि काकूंना घेऊन आले. त्यांना निळ्या खुर्चीवर बसवलं, चहाचा पहिला कप स्वतः त्यांच्या हातात दिला आणि आम्हा सगळ्यांच्या देखत अट म्हणून दाखवली, एकही शब्द न गाळता. रोज पंधरा मिनिटं, हातात काम नाही, एक वर्ष बोलायचं नाही, वर्षानं मी विचारीन.

काकू म्हणाल्या, "आधीचं वर्ष अजून संपायचंय."

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. सर म्हणाले, "ते बी यातच धर."

ते वर्ष मी विसरणार नाही. ज्या माणसानं शेकडो कार्यक्रम गाजवले होते, तो तीन महिने मोकळ्या तारा ओढत होता. बोटं लावायची वेळ आली तेव्हा ते बोट हट्टी म्हशीसारखं जागीच उभं राहायचं. सहावीतली मुलगी त्यांच्या पुढे निघून गेली. एकदा ती त्यांना म्हणाली, सर, तुम्ही लाजलात. सरांनी बो परत सुरुवातीला नेला आणि पुरा ओढला. आम्हाला ते शिकवत होतेच, पण आपली पंधरा मिनिटं त्यांनी कधी चुकवली नाहीत, आणि काकूही चुकल्या नाहीत. सगळं वाईट आपल्या माणसाच्या देखत, काही न लपवता वाजवायचं. मला विचाराल तर एवढी हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

वर्ष भरलं त्या रविवारी इतरांना सुट्टी होती. मी माझी बदली झाल्याचं सांगायला गेले होते. निघते म्हटलं, तर सर म्हणाले, बसा, साक्षीला कुणीतरी लागतं. त्यांनी एक साधी चाल वाजवली, पार्टीतली जुनी, वर चढून हळूच खाली येणारी. वाजवून झालं, बो मांडीवर ठेवला आणि कितीतरी वेळ तो स्क्रू सैल करत राहिले. मी मनात म्हणत होते, विचारा, सर.

"काय ऐकलं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी कप खाली ठेवला. "चाळीस वर्षांचं इचारताय का यंदाचं?"

"दोन्ही."

"चाळीस वर्षं तुमी दार लावून वाजवलं. ते भिंतीला इचारा. यंदाचं सांगते." सर मान खाली घालून ऐकत होते. "चढताना चांगलं हाय. उतरताना त्या बोटाला दुखंल म्हून तुमी आधीच पळता. तिथं सूर कच्चा राहतो. पार्टीत होता तवा बी तिथंच पळायचे. तवा बोट चांगलं होतं."

मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. चाळीस वर्षं ज्या शब्दाला सर भ्याले, तो आला होता आणि साधा नव्हता. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"बंद करू का मंग?"

"बंद करा कुठं म्हणले मी? उतरून दाखवा."

सरांनी बोचा स्क्रू परत आवळला. वर गेले, खाली आले. काकूंनी मान हलवली, नाही. सर परत वर गेले, खाली आले. काकू खुर्ची ओढून पुढे सरकल्या आणि त्यांच्या त्या बोटाकडे बघत राहिल्या. परत नाही. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण ते चौथ्यांदा वाजवत होते.